घर, बागेसरी आणि आम्ही

आमच्या घरात आणि आमच्या कारखान्यात एका उंबरठ्याचे अंतर आहे. उंबरठ्याच्या आत स्वयंपाकघर, देवघर, मुलांच्या वह्या आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. उंबरठ्याच्या बाहेर, पुढल्या पडवीत, ऐरण, बागेसरी, राळेची पाटी आणि आम्ही. कारखाना हा शब्द वाचून वाचकांनी धुराडे किंवा भोंगा मनात आणू नये. दहा फूट लांब व सात फूट रुंद अशा जागेत एक मनुष्य पाटावर बसतो व चांदीच्या पत्र्यावर वेलबुट्टी उठवितो, यापलीकडे त्यात काही नाही. आमचे वडील या जागेस 'दुकान' म्हणत, मुले 'बाबांची खोली' म्हणतात, आणि आमचे कुटुंब तिला नुसते 'तिकडे' असे म्हणते. (कुटुंब हा शब्द आम्ही आमच्या आजोबांच्या अर्थाने, म्हणजे पत्नी या अर्थी, योजिला आहे, पुढील मजकुरात तो दोन्ही अर्थांनी येईल, आणि कोठे कोणता हे वाचकांनी प्रसंग पाहून ठरवावे.) 'तिकडे' या एका शब्दात किती अंतर मावते हे ज्याच्या घरात धंदा आहे त्यास निराळे सांगावयास नको.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा पहिले पान तिने वाचले आणि पहिलाच आक्षेप घेतला. "अहो, हे सारखे आम्ही आम्ही काय लिहिले आहे? या आम्हीत मी आहे का?" लेखकाने स्वतःस आम्ही म्हणण्याची जुनी रीत आहे, असे आम्ही सांगितले. "मग आपण लिहा," ती म्हणाली. "आम्ही म्हटले की समोरचा बाहेर राहतो. आपण म्हटले की तो आत येतो." ती शाळेत गणित शिकविते. व्याकरणात तिने पडू नये असे आमचे मत आहे. परंतु मुद्दा बिनतोड होता. तरीही आम्ही जुनीच रीत ठेवली आहे, आणि ती हट्टाने नव्हे. पुढे जे प्रमाद सांगावयाचे आहेत त्यांत तिला भागीदार करून घेणे अन्यायाचे होईल.

आम्ही खामगावचे. आमच्या गावास लोक रजतनगरी म्हणतात, आणि परगावच्या माणसास वाटते की येथे जमीन खणली की चांदी निघत असावी. बुलढाणा जिल्ह्याच्या जमिनीत निघतो तो कापूस. या गावाचे नाव प्रथम कापसानेच झाले. जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा जो लहानसा फाटा १८७० साली आला तो कापसासाठी, आणि त्याच्या उद्घाटनास त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द आले होते. आमच्या वडिलांचे म्हणणे असे की, चांदी कापसाच्या मागोमाग आली. कापूस विकून हाती आलेला पैसा शेतकरी वाळे, तोडे, गोठ, करदोडा अशा रूपांनी घरी नेई, आणि पाऊस फिरला म्हणजे तेच मोडून बियाणे घेई. ज्याची पेढी बायकोच्या पायांत आणि पोराच्या कमरेला असते तो कस पाहिल्यावाचून घेत नाही. खामगावच्या चांदीचा लौकिक तिच्या नक्षीचा नसून शुद्धतेचा आहे. नक्षी करणाऱ्या आमच्यासारख्यास हे कबूल करणे जरा जड जाते, पण खरे आहे.

शुद्ध चांदी मऊ असते, आणि उठावाच्या कामाला तीच मानवते. राळ, विटेची बारीक भुकटी आणि थोडे तेल एकत्र कढवून पाटीत ओतावयाचे, ते कोमट असता पत्रा त्यावर चिकटवावयाचा, आणि मागून ठशांनी ठोकून पुढे फुगवावयाचा. मग पत्रा सोडवून उलटावयाचा आणि पुढून रेषा बसवावयाच्या. राळ खालून धरते आणि तरी दबते. हा तिचा गुण. परंतु ठोकता ठोकता चांदी ताठते. हातोडीचा आवाज बदलतो, पत्रा कुरकुरू लागतो, आणि तसाच पुढे रेटला तर तडकतो. अशा वेळी त्यास तापवून पुन्हा मऊ करावे लागते, आणि एका मोठ्या कामात ही पाळी पंधरा-वीस वेळा येते. किती तापवावे? ९६२ अंशांच्या सुमारास चांदी वितळते. त्याच्या पुष्कळ अलीकडे, सहाशे-सातशे अंशांच्या दरम्यान, पत्र्याच्या अंगी अंधुक लाली येते. तो क्षण साधून ज्योत काढावयाची. आता यातील गोम अशी की, भर दुपारच्या उजेडात ही लाली दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि चार दिवस राबून उठविलेल्या मोराची मान गळून त्याचा थेंब झालेला असतो. म्हणून हे काम आमच्या घराण्यात तिन्हीसांजेला करतात. ऊन गेलेले असते, दिवे लागलेले नसतात, आणि धातूचा रंग डोळ्यास खरा दिसतो.

परंतु तिन्हीसांज ही एकट्या सोनाराची नाही. त्याच वेळी आमची थोरली शिकवणीहून येते आणि धाकट्यास पाढे म्हणावयाचे असतात. त्याच वेळी आई देवापाशी दिवा लावावयास सांगते. तिचे डोळे अधू झाल्यापासून तिला अंधार फार लवकर पडतो. आमच्या गल्लीत नळास पाणी ज्या दिवशी यावयाचे असते त्या दिवशी तेही बहुधा त्याच सुमारास येते. भाजीवाला, दूधवाला, पाहुणा, सर्वांची वेळ तीच. घरात दिवा लावला की पडवीत उजेड येतो, आणि पडवीत उजेड आला की आम्हांस लाली दिसत नाही. "दिवा घालवा!" असे आम्ही बाहेरून ओरडावे आणि आतून चार माणसांनी अंधारात धडपडावे, हा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा सायंकाळचा परिपाठ होता. भारनियमनाच्या काळात सारे गाव वीजमंडळास शिव्या देत असता आम्ही मनातून प्रसन्न असू, हे आता सांगावयास हरकत नाही.

घरच्या कामांची गोष्ट याहून वाईट. ज्याचे हात धातूला वळवितात त्याच्या घरी कडी, कोयंडा, बिजागरी, नळ यांची चिंता नसावी असे शेजाऱ्यांस वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की, आमच्या मागल्या दाराची कडी सात वर्षे सुतळीने बांधलेली होती. एकदा मोरीचा नळ गळू लागला. दोन-तीन रुपयांची चकती बदलली असती तर काम भागले असते, परंतु आमच्यातला कलावंत जागा झाला. आम्ही नळ सोडवून पडवीत आणला, तो घासला, त्याची मूठ झिजलेली दिसली म्हणून पितळेची नवी घडविली, आणि घडविलीच आहे तर तिच्यावर कमळाच्या आठ पाकळ्या काढल्या. यास चार दिवस लागले. त्या चार दिवसांत घरातील मंडळी बादलीने पाणी आणीत होती. पाचव्या दिवशी नळ बसविला. फारच सुरेख दिसत होता. चकती बदलावयाची मात्र राहिली होती, त्यामुळे तो पूर्वीप्रमाणेच गळत राहिला. आमच्या कुटुंबाने त्याकडे क्षणभर पाहिले व म्हटले, "नळाला नक्षी नको होती हो, नळ बंद व्हायला हवा होता."

आणि धाबे. आमचे घर जुन्या पद्धतीचे, म्हणजे तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे. असल्या घरात उन्हाळा सुसह्य होतो, आणि वऱ्हाडचा उन्हाळा ज्याने काढला आहे तो या एका गुणापायी धाब्याचे शंभर अपराध पोटात घालील. परंतु धाब्यास दर वर्षी मृगाच्या आधी नवी माती लागते, आणि मृगाच्या आधीचे दिवस हे आमच्या हंगामाचे. लग्ने असतात, ताम्हणे, समया, अत्तरदाण्या यांची मागणी असते. त्यामुळे माती कधी पडे, कधी न पडे. पडवीवरची तुळई काळी पडत चालली होती. आम्ही तिला दोनदा तेलरंग दिला. गवंड्याने मात्र तिच्यात पहार टोचून पाहिली आणि आमच्याकडे फार खेदाने पाहिले. "भाऊ," तो म्हणाला, "तुळई आतून पोकळ झाली हे. वरून किती रंग देसान, ते खालून बसूनच रायली."

अशा प्रसंगी मनुष्य मोठ्या लोकांचा आधार शोधतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे आमच्या जिल्ह्याचे भूषण. त्यांनी याच मुलखात, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे, वकिली केली, आणि अशिलांची कुळकथा ऐकता ऐकता नाटके लिहिली, 'सुदाम्याचे पोहे' लिहिले, टीकालेख लिहिले. धंदा आणि कला एका माणसाच्या दिवसात मावतात याचा हा केवढा दाखला! आम्ही तो घरी पुष्कळ वेळा सांगितला. पण त्यांच्या घराच्या छपराची काळजी कोण वाहत होते, याची नोंद कोणत्या वाङ्मयेतिहासात आम्हांस आढळली नाही. आणि आमच्या कुटुंबाला नेमकी तेवढीच गोष्ट जाणून घ्यावयाची होती.

दुसरा दाखला आमच्या धंद्यातील. सोळाव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत बेन्वेनुतो चेलिनी नावाचा सोनार होऊन गेला. जातीचा सोनार, पण त्याने काशाचा पुरुषभर उंचीहून मोठा असा पर्सियसाचा पुतळा ओतावयास घेतला. राक्षसीचे मुंडके हाती धरलेला हा वीर १५५४ साली लोकांपुढे उघडा झाला आणि आजही तेथल्या चौकातील कमानींखाली उभा आहे. तो ओतण्याच्या दिवसाची हकीकत चेलिनीने आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. भट्टीच्या आगीने कारखान्याच्या छपराने पेट घेतला, बागेच्या बाजूने वारा-पाऊस आत घुसून भट्टी निववू लागला, आणि चेलिनी स्वतः तापाने फणफणून अंथरुणास खिळला. मूस गोठली असे कळताच तो उठला, ओरडला, शिव्या दिल्या, ओकाची लाकडे घातली. धातू पुन्हा पातळ झाला पण धावेना. तेव्हा त्याने घरातील कथलाच्या सर्व थाळ्या, परळ, वाडगी, अशी सुमारे २०० भांडी आणवून भट्टीत लोटली. धातू धावला आणि साचा भरला.

ही गोष्ट आम्ही एका संध्याकाळी मुलांस सांगितली. आमचा आवाज शेवटी थोडा भरून आला असावा. धाकटा थक्क होऊन पाहत होता. थोरलीने मात्र विचारले, "बाबा, मग त्या घरातली माणसे दुसऱ्या दिवशी जेवली कशात?"

चेलिनीच्या आत्मचरित्रात याचे उत्तर नाही. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता, त्यावरून प्रश्न आणखी कोणी ऐकला हे आम्हांस समजले.

आता २०२५ सालाची हकीकत. फाल्गुनात आमच्याच तालुक्यातील एका जुन्या घराण्याने कुलदेवीसाठी चांदीची प्रभावळ सांगितली. अडीच किलोचे काम, वर कीर्तिमुख, दोन्ही अंगांस मोर आणि वेल. घटस्थापनेस द्यावयाची. आमच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे काम. एक किलोचे पैसे त्यांनी हाती ठेविले, उरलेली दीड किलो आम्ही घालावी आणि पैसे प्रभावळ पोचल्यावर घ्यावे असे ठरले. भाव त्या दिवशी किलोमागे एक लाखाच्या आसपास होता आणि आम्ही तोच धरून बोललो. एकदा बोललेला भाव बदलावयाचा नाही ही वडिलांची शिस्त. वडिलांच्या काळी ती स्वस्त पडत असावी. आमच्या नशिबी ते वर्ष असे आले की भाद्रपदात भाव सव्वा लाखाच्या पुढे गेला (वर्षअखेर तर तो दोन लाखांच्याही वर चढला), आणि आम्ही चांदी जरा उतरेल या आशेने थोडी थोडी घेत राहिलो. धाब्यासाठी पोस्टात ठेविलेले साठ हजार रुपये आषाढातच चांदीत गेले. हे आम्ही घरी सांगितले, पण केव्हा, तर गेल्यावर.

गवंडी त्याच सुमारास मोकळा नव्हता, हा आमचा बचाव. श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावी येते आणि येथून शेगावपर्यंतच्या शेवटच्या वाटचालीस सारा मुलूख पायी लोटतो. त्यात गवंडीही गेला. तो दोन दिवसांत परत आला. बचाव दोन दिवसांपुरताच होता. नंतरचे दिवस आमचे.

भाद्रपदात अर्धा किलो चांदी कमी पडली. बाजारात उधार मिळाली असती, परंतु भाव पाहून छाती होईना. त्या रात्री आम्ही हिशेबाची वही पुढे घेऊन बसलो असता आमच्या कुटुंबाने फडताळातून एक गाठोडे आणून वहीवर ठेविले. आत चांदीचे ताट होते. लग्नाच्या वर्षी आम्ही ते तिच्यासाठी घडविले होते. आमच्या हातचे पहिले मोठे काम. काठावर पोपटांची रांग आहे, आणि सातव्या पोपटाची चोच वाकडी आहे. पत्रा तेथे जास्त तापला आणि चोच वितळली, म्हणून आम्ही ती पाठीकडून ओढून कशीबशी पुरी केली होती. ही गोष्ट वीस वर्षे आम्ही कोणास सांगितली नव्हती.

"पंचेचाळीस तोळे आहे," ती म्हणाली. "मी शाळेतून येताना वजन करून आणले."

आम्ही नको म्हणालो. दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

"त्या वाकड्या चोचीचा पोपट तेवढा कापून ठेवू?" आम्ही विचारले.

"तो कशाला? बाकीच्या सगळ्यांच्या चोची सरळ आहेत, म्हणून तर तो सापडतो. एकटा ठेवला तर कोणाला कळणार वाकडी म्हणजे काय?" असे म्हणून ती दिवा घालवून झोपावयास गेली. तिला तो पोपट पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ताट मोडले. तळाची कडी डाख देऊन बसविलेली होती. डाखात हिणकस मिसळ असते, म्हणून ती आधी कापून वेगळी काढली, आणि उरलेल्याचे तुकडे मुशीत घातले. थोरलीला वितळण पाहण्याची हौस. ती दहावीत आहे, आणि तिला रसायन शिकताना या पडवीचा उपयोग होतो असे ती म्हणते. टाकणखार घातला की मळ कसा गोळा होतो, वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू आपल्या आकारमानाच्या वीसपट कसा पिते आणि थिजताना तो एकदम टाकून देताना कशी थुंकते, म्हणून वर कोळशाची पूड कशी पसरावी, हे सर्व आम्ही सांगत होतो. बाहेर पाऊस होता. ओतण्याचा साचा आम्ही तापवून, तेल लावून मांडला होता. तुळईखाली एक डबा ठेविलेला होता, कारण तेथे गळते हे आम्हांस माहीत होते. नवे भोक कोठे पडेल हे माहीत नव्हते.

धार साच्यात पडू लागली आणि वरून पाण्याचा एक थेंब साच्यात पडला. एकच. पाणी वितळलेल्या धातूखाली सापडले की त्याची तत्क्षणी वाफ होते, आणि ती वाट मिळेल तिकडे धातू उडविते. बंदुकीच्या टोपीसारखा आवाज झाला. आमच्या हातून सांडस सुटली नाही, एवढे वडिलांच्या शिकवणीचे पुण्य. थोरलीने मात्र "आई!" म्हणून हाक मारली, बाबा म्हणून नव्हे, आणि बाबा तर तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले होते.

तिच्या उजव्या मनगटावर तांदळाच्या दाण्याएवढा डाग पडला. डोळ्याच्या खाली, गालावर, दुसरा, त्याहून लहान. डॉक्टरांनी पाहून सांगितले की फार नाही, आठ दिवसांत भरेल. गालावरच्या डागापासून डोळ्याचे अंतर त्यांनी सांगितले नाही, पण आम्हांस मापे घेण्याची सवय आहे. ते पाऊण इंच होते.

आमच्या कुटुंबाने त्या रात्री एक शब्द उच्चारला नाही. तिने मुलीचा हात थंड पाण्याखाली धरला (त्याच नळाच्या, त्या आठ पाकळ्यांच्या), औषध लावले, तिला जेवू घातले, आणि मग पडवीत येऊन उभी राहिली. फरशीवर चांदीचे कण उडालेले होते. ते वेचावयास आम्ही वाकलो, आणि तिच्या पायांकडे दृष्टी जाताच थांबलो. झारेकरी वर्षाकाठी येऊन आमचा केर विकत घेऊन जातो, त्यात गेले असते तर काय मोठे! पण हात सवयीने वाकले होते. ते तिने पाहिले.

त्या रात्री आम्हांस झोप नव्हती. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की धाबे हे घरचे काम व प्रभावळ हे आमचे काम. घरचे काम थांबू शकते, आमचे थांबू शकत नाही. तुळईस ही वाटणी मान्य नव्हती. ती पडवीवर जेवढी होती तेवढीच स्वयंपाकघरावर होती. आणि खरे सांगावयाचे तर, कलेच्या नावावर आम्ही जे जे पुढे ढकलीत आलो त्यातले सर्वच काही कलेसाठी ढकललेले नव्हते. मोराचे पीस उठविताना जी एकाग्रता लागते ती गवंड्याशी घासाघीस करताना लागत नाही, आणि पहिल्या कामाची लोक वाहवा करितात. दुसऱ्याची कोणी करीत नाही. एवढेच.

सकाळी आम्ही प्रभावळीच्या यजमानांस फोन करून पंधरा दिवसांची सवड मागितली. ते चिडले. घट बसतील आणि देवी प्रभावळीवाचून राहील, देवीचे काम सोडून तुम्ही घराचे छप्पर करता काय, असे त्यांनी विचारले. आम्ही होय म्हणालो. मग शाळेच्या पतपेढीतून आमच्या कुटुंबाने कर्ज काढले, आणि गवंडी, सुतार, दोन मजूर यांनी आठ दिवसांत पडवीवरची तुळई उतरवून पत्रे घातले. तुळई खाली आली तेव्हा तिच्या पोटात मूठभर भुसा आणि वाळवीची वाट, याखेरीज काही नव्हते. आमच्या तेलरंगाचा थर मात्र शाबूत होता, आणि चांगला बसला होता. त्या आठ दिवसांत आम्ही ऐरणीस हात लाविला नाही. विटा वाहिल्या, मागल्या दाराची कडी बसविली, नळाची चकती बदलली. चकतीस सहा मिनिटे लागली.

डाग भरल्यावर थोरली पुन्हा पडवीत बसू का म्हणून विचारावयास आली. आम्ही नाही म्हणावयाचे ठरविले होते, पण तिने विचारले आईला. आईने वहीचा कागद घेतला. सुती, लांब बाह्यांचा अंगरखा; डोळ्यांस चष्मा; पायांत बूट; ओतण्याचे काम पावसात नाही; आणि हे सर्व बाबांसही लागू. खाली आठवड्याचे कोष्टक आखले: तीन तिन्हीसांजा तिकडच्या, चार इकडच्या, नळाच्या दिवशी दोन्हींवर पाण्याचा हक्क पहिला. त्या तीन दिवशी आईच्या देवापाशी दिवा थोडा आधी, उजेड असतानाच, लागेल. आईने हे सहज मान्य केले. "देवाला काय, त्याला अंधारातही दिसते," ती म्हणाली, "मला विचारून टाकायचे होते इतकेच. इतकी वर्षे कोणी विचारले नाही." कोष्टक चोख होते. तीन तिन्हीसांजांत काम कमी होईल अशी आमची भीती होती, आणि ते थोडे कमी झालेही. हे लपविण्यात अर्थ नाही.

घटस्थापना गेली, दसरा गेला. आमच्या गावच्या मोठ्या देवीचा उत्सव कोजागिरीपासून सुरू होतो, त्यामुळे इतर गावचे नवरात्र आटोपते तेव्हा खामगावात मांडव पडत असतात. त्या गडबडीतच, ६ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या सकाळी, प्रभावळ यजमानांच्या घरी पोचली. ठरल्या दिवसापेक्षा चौदा दिवस उशीर. मजुरीतून त्यांनी काही रक्कम कापली, आणि आम्ही ती कापू दिली. कीर्तिमुखाकडे मात्र ते बराच वेळ पाहत उभे होते. राहिलेल्या घराचे छप्पर त्या पैशांतून दिवाळीनंतर झाले.

आदल्या आठवड्यातील एक सायंकाळ सांगावयाची राहिली. डाव्या अंगचा मोर शेवटचा तापवावयाचा होता. ताटाची चांदी बहुतेक त्याच बाजूस गेली होती. आम्ही ज्योत पेटविली आणि सवयीने "दिवा" म्हणून हाक देणार, तोच दिवा आतून गेला. ती उंबरठ्यावर येऊन उभी राहिली होती. आमचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. चाळिशी लागल्यापासून अंधुक लाली आणि काळसर करडा यांत आम्ही कधी कधी चुकतो, हे आम्ही कोणास सांगितले नव्हते.

"थांबा," ती म्हणाली. "अजून काळसर आहे."

आम्ही थांबलो. मोराच्या मानेवर ज्योत फिरत होती.

"अजून."

मग, "आता. काढा."

आम्ही ज्योत बाजूस केली आणि पत्रा पाण्यात सोडला. चर्रर्र आवाज झाला. मान शाबूत होती. तेवढ्यात धाकट्याने मोरीतून आरोळी दिली की नळ आला, आणि ती घागर घेऊन आत वळली.